साहेब, प्रत द्या : शहरातल्या पोलीस ठाण्यातून आपला कागद कसा मागायचा

(पुण्यात पदव्युत्तर शिक्षण आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



सुरुवातीला एक काम करू. तुमच्या घरातलं कुणीही, आई-वडील, भाऊ, काका, मावशी, कधी ना कधी तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेलं असेल, त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. आता हात तसेच ठेवा. त्या दिवसाचा एक तरी कागद ज्यांच्या घरात आज सापडेल, त्यांनीच हात वर ठेवा. बाकीच्यांनी खाली घ्या.

तीन हात उरले. खाली गेलेल्या हातांबद्दल मी आज बोलणार आहे, कारण त्यात एक हात माझाही होता.

२००८ साल. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबा महापालिकेत झाडूखात्यात, आई चार घरची धुणीभांडी करायची. दादा रंगकाम करायचा. एका सोसायटीत काम चालू असताना तो रंगाचे डबे घेऊन लिफ्टमध्ये चढला. त्यावरून तिथल्या एका सभासदाने त्याला गेटवर आणून, रस्त्यावरच्या चारचौघांसमोर, जातीवरून शिव्या दिल्या आणि कानाखाली मारली. संध्याकाळी आई, दादा आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. सातला गेलो, पावणेबाराला बाहेर पडलो. अंमलदाराने विचारलं, दादाने सांगितलं, अंमलदाराने लिहिलं, "इथे सही करा" म्हणाला. दादाने सही केली. एका चिटोऱ्यावर नंबर लिहून दिला. मी कॉलेजात जाणारी मुलगी, सोबत उभी. मी काय लिहिलंय ते वाचलं नाही. "प्रत द्या" असं म्हणायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं.

चार महिने आम्ही हेलपाटे घातले. "साहेब बंदोबस्ताला आहेत." "तपास चालू आहे." शेवटी एकाने सांगितलं, "अहो, तुमचा गुन्हाच नाही. एनसी आहे." मग एका ओळखीच्या वकिलांनी माहितीच्या अधिकारात अर्ज लिहून दिला आणि त्या रात्रीची नोंद हातात आली. साडेचार ओळी. "किरकोळ कारणावरून बाचाबाची झाली." जातीचा उल्लेख नाही. जागा लिहिली होती "सोसायटीच्या आत". गेट नाही, रस्ता नाही, पाहणारे लोक नाहीत. खाली दादाची सही.

पुढे आम्ही कोर्टातून गुन्हा नोंदवून घेतला, पण तोवर चौदा महिने गेले होते. खटल्यात समोरच्या वकिलाने एवढंच विचारलं : जातीवरून शिव्या दिल्या होत्या तर पहिल्या दिवशी तसं का सांगितलं नाही? दादा म्हणाला, सांगितलं होतं. वकील म्हणाला, मग ही सही कुणाची? आम्ही हरलो.

मी वकील झाले ती त्यानंतर. आज तुम्हाला जे सांगणार आहे ते अवघड कायदेपांडित्य नाही. त्या रात्री मला माहीत असतं तर दादाचा खटला उभा राहिला असता, एवढंच आहे.

कागदाचं नाव माहीत हवं

"माझ्या केसचे पेपर द्या" असं म्हटलं की समोरचा माणूस "कोर्टातून मिळतील" म्हणून मोकळा होतो. कागदाला नाव असतं. नावाने मागितला की टाळणं कठीण जातं. म्हणून आधी नावं शिकू.

पहिली स्टेशन डायरी, म्हणजे ठाणे दैनंदिनी. ठाण्यात दिवसभरात काय आलं, कोण आलं, कोण गेलं, याची वेळेसकट नोंद तिच्यात होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे की दखलपात्र गुन्ह्याची जी खबर येईल ती या डायरीत आलीच पाहिजे, मग त्यावर गुन्हा नोंदवा किंवा चौकशी करा. म्हणजे तुम्हाला "उद्या या" म्हणून परत पाठवलं तरी तुम्ही आल्याची नोंद व्हायला हवी.

दुसरा एफआयआर, प्रथम खबर अहवाल. याला गुन्हा रजिस्टर क्रमांक असतो, आपण 'सी.आर. नंबर' म्हणतो तो. तिसरी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद. एनसीत मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. दोन्हींना नंबर असतो, त्यामुळे आपली फसगत होते. हातात नंबर आला की विचारायचं : "साहेब, हा सी.आर. आहे की एनसी?"

चौथा तक्रार अर्ज. तो तुम्ही लिहून देता आणि त्याला आवक क्रमांक पडतो. पाचवा गट तपासाचा : पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, वैद्यकीय अहवाल आणि केस डायरी. सहावा शेवटचा कागद : पुरावा असेल तर दोषारोपपत्र, नसेल तर समरी. महाराष्ट्रात समरीचे तीन प्रकार आहेत. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तर 'अ'. तक्रार खोटी ठरवली तर 'ब'. तक्रार गैरसमजातून झाली असं ठरवलं तर 'क'. तुमच्या तक्रारीवर 'ब' लागली तर तुम्हाला खोटं ठरवलं गेलं आहे, हे ओळखता आलं पाहिजे.

आणि आता सातवी गोष्ट : ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण, आणि ११२ वर फोन केला असेल तर त्या फोनची नोंद.

जे मागण्यासाठी माहितीचा अधिकार लागतच नाही

आपल्यातले शिकलेले लोक एक चूक करतात. प्रत्येक गोष्टीला आरटीआय टाकतात आणि महिनाभर वाट पाहतात. एफआयआरच्या प्रतीसाठी आरटीआयची गरज नाही. ती जागेवर मिळायची गोष्ट आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम १७३ पाठ करून ठेवा. खबर तोंडी दिली तर ती लिहून घ्यायची, तुम्हाला वाचून दाखवायची, मग सही. आणि प्रत ताबडतोब, मोफत. तीही फक्त फिर्याद देणाऱ्याला नव्हे, पीडितालाही. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असेल तरी खबर घ्यायची आहे, त्यालाच आपण झिरो एफआयआर म्हणतो. ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची.

ॲट्रॉसिटी कायद्यात हेच आणखी कडक आहे. कलम ४ नुसार खबर वाचून दाखवणं, गुन्हा नोंदवणं आणि प्रत ताबडतोब देणं ही लोकसेवकाची कर्तव्यं आहेत. अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या अधिकाऱ्याने ती जाणूनबुजून टाळली तर सहा महिने ते एक वर्ष शिक्षा सांगितली आहे. त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, त्यामुळे उठसूट धमकी म्हणून हे कलम वापरू नका. पण अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. २०१८ मध्ये आलेल्या कलम १८-अ नुसार या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये ते कलम कायम ठेवलं. "आधी चौकशी करू, मग बघू" असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

आता सही करण्याआधी काय वाचायचं? चार गोष्टी. तारीख आणि वेळ. जागा. जे शब्द वापरले गेले ते जसेच्या तसे. आणि ते कोणाकोणाच्या समोर घडलं. जातिवाचक अपमानाची आणि शिवीगाळीची कलमं, ३(१)(आर) आणि ३(१)(एस), लागायला प्रसंग लोकांच्या नजरेसमोरच्या जागी घडलेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना घडलं असेल तर ही कलमं टिकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात सांगितलं. आमच्या दादाच्या नोंदीत 'गेटवर' ऐवजी 'आत' हा एक शब्द होता. त्या एका शब्दाने काय केलं ते तुम्हाला आता कळलं असेल.

सही झाली, घरी आलात, शांतपणे वाचलंत आणि चूक दिसली, तर घाबरू नका. दुसऱ्याच दिवशी लेखी अर्ज द्या : "माझ्या खबरीत अमुक मजकूर नोंदवायचा राहिला आहे, माझा पुरवणी जबाब नोंदवावा." दुसऱ्या दिवशीचा पुरवणी जबाब आणि चौदा महिन्यांनंतरचा जबाब यांत कोर्ट फरक करतं. पण चूक दिसायला प्रत हातात हवी. म्हणून प्रतीशिवाय ठाण्याची पायरी उतरायची नाही.

एफआयआर संकेतस्थळावरही सापडतो. यूथ बार असोसिएशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश दिला की एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा. दुर्गम भागात ही मुदत ७२ तासांपर्यंत जाते. लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं यातून वगळली आहेत. पण वगळलेल्या प्रकरणातही फिर्यादीचा आणि पीडितेचा प्रतीचा हक्क जात नाही.

तुमच्यावरच गुन्हा असेल तर

हे आपल्या पोरांच्या बाबतीत वारंवार घडतं. आपण तक्रार दिली की दुसऱ्या दिवशी समोरच्याची उलट तक्रार : चोरी, विनयभंग, मारहाण. किंवा मोर्चाला गेलो आणि नाव आलं.

त्याच २०१६ च्या निकालात आरोपीसाठीही वाट आहे. एफआयआरमध्ये आपलं नाव असल्याची शंका असेल तर तुम्ही किंवा तुमच्या वतीने कुणी ठाण्यात अर्ज करून साक्षांकित प्रत मागू शकता. ती २४ तासांत द्यायची आहे. कोर्टात अर्ज केला तर दोन कामकाजाच्या दिवसांत. संवेदनशील म्हणून प्रत नाकारली तर शहरात थेट पोलीस आयुक्तांकडे निवेदन द्या. तीन अधिकाऱ्यांच्या समितीने त्यावर तीन दिवसांत निर्णय घ्यायचा आहे.

इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना नोकरी मिळेल आणि चारित्र्य पडताळणीचा फॉर्म भरावा लागेल. त्यात विचारलेलं असतं : कधी अटक झाली का, खटला चालू आहे का. जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर अनेक तरुणांवर गुन्हे नोंदले गेले. आपलं नाव त्यात आहे की नाही हेच काहींना माहीत नव्हतं. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, लपवाछपवी नको. आणि किरकोळ प्रकरण असेल तर नियोक्त्याने सारासार विचार करावा. म्हणजे गुन्हा असण्यापेक्षा तो दडवणं जास्त महाग पडू शकतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी, शंका असेल तर, आपल्याविषयीची नोंद आपणच मागून घ्या. दोषमुक्त झाला असाल तर निकालाची साक्षांकित प्रत काढून ठेवा.

नाही म्हणाले तर

शहर आणि जिल्हा यांत एक फरक आहे. कायद्यात 'पोलीस अधीक्षक' लिहिलेलं असतं. पण जिथे पोलीस आयुक्तालय आहे, मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर, तिथे ते काम उपायुक्तांकडे, म्हणजे डीसीपींकडे असतं. त्यांच्या खाली विभागाचे सहायक आयुक्त, एसीपी. ॲट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. शहरात तो दर्जा एसीपींचा. त्यामुळे ठाण्यातला हवालदार "मी तपास करतोय" म्हणाला तर तपास अधिकारी कोण, हे लेखी विचारा.

ठाण्याने खबर घेतली नाही तर कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार लिहून स्पीड पोस्टाने डीसीपींना पाठवा. पावती जपा. तिथेही दाद लागली नाही तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, कलम १७५(३). कोर्ट पहिली गोष्ट विचारतं : वरिष्ठांना कळवलं होतं का? पोस्टाची ती छोटी पावती तेव्हा उत्तर देते.

वकील परवडत नाही, ही अडचण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या कोणालाही आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठीची हेल्पलाइन १५१००. अत्याचाराच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६.

पुढे तपासाचं काय झालं

नव्या संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे. ॲट्रॉसिटीत तपास ६० दिवसांत पुरा करायचा आहे, उशीर झाला तर कारण लेखी द्यायचं आहे. म्हणून कॅलेंडरवर खूण करा. एकसष्टाव्या दिवशी एसीपींना दोन ओळींचं पत्र : "गुन्हा क्रमांक अमुक, ६० दिवस पूर्ण झाले, दोषारोपपत्र दाखल झाले का, नसल्यास विलंबाचे कारण कळवावे."

याचा पैशाशीही संबंध आहे. अत्याचारग्रस्तांची मदत टप्प्याने मिळते. जातिवाचक अपमानाच्या गुन्ह्यात २०१६ च्या नियमांनुसार एक लाख रुपये : २५ टक्के एफआयआरनंतर, ५० टक्के दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, २५ टक्के शिक्षा झाल्यावर. दोषारोपपत्र गेलंय हेच माहीत नसेल तर दुसरा टप्पा मागणार कोण?

दोषारोपपत्र ही सार्वजनिक गोष्ट नाही. ते सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटलं. पण पीडिताचा हक्क वेगळा आहे. संहितेच्या कलम २३० नुसार आरोपीला, आणि वकील दिला असेल तर पीडितालाही, दोषारोपपत्र आणि सोबतचे जबाब मोफत मिळतात. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत. केस डायरी मात्र मागून मिळत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका.

आणि प्रकरण बंद करायचा अहवाल गेला तर? दिल्लीच्या पोलीस आयुक्तांविरुद्ध भगवंत सिंग या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा अहवाल स्वीकारण्याआधी मॅजिस्ट्रेटने फिर्यादीला नोटीस देऊन म्हणणं ऐकलं पाहिजे. एका बापाने आपल्या मुलीच्या मृत्यूच्या तपासासाठी दिलेल्या झगड्यातून हा नियम आला. नोटीस आली की घरात घाबरगुंडी उडते, कुणीतरी ती कपाटात ठेवून देतं. तुम्ही ती वाचा, तारखेला जा, आणि "मला हरकत घ्यायची आहे, अहवालाची प्रत द्या" असं सांगा.

आता माहितीचा अधिकार

जिथे वरच्या वाटा लागू नाहीत, उदाहरणार्थ तक्रार अर्ज दिला आणि गुन्हाच नोंदला नाही, एनसी केली, डायरीतली नोंद हवी आहे, तिथे २००५ चा माहिती अधिकार कायदा.

महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' चा नमुना, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि एक मर्यादा : एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. दिल्लीत पोलीस केंद्राच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तिथलं दुसरं अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं, राज्य आयोगाकडे नाही. इतर राज्यांत फी आणि नमुना वेगळा असू शकतो, आधी पाहून घ्या. जन माहिती अधिकाऱ्यांची यादी आयुक्तालयाने स्वतःहून जाहीर करायची असते. ठाणं किंवा अधिकारी चुकला तरी कलम ६(३) प्रमाणे अर्ज योग्य कार्यालयाकडे वर्ग करणं त्यांचं काम आहे. कारण सांगावं लागत नाही.

"का" हा प्रश्न विचारायचा नाही. "माझा गुन्हा का नोंदवला नाही?" याला उत्तर येतं : हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. कागद मागायचा. लिहून घ्या :

"विषय : दि. ____ रोजी ____ पोलीस ठाण्यात मी दिलेल्या तक्रारीसंबंधीची कागदपत्रे.
१. माझा तक्रार अर्ज, आवक क्र. ____, यावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदी व टिपण्यांच्या प्रती.
२. दि. ____ रोजी सायं. ७ ते रात्री १२ या वेळेतील माझ्या तक्रारीसंबंधीच्या स्टेशन डायरीतील नोंदीची साक्षांकित प्रत.
३. अर्ज ज्या अधिकाऱ्याकडे चौकशीसाठी दिला त्यांचे पदनाम व तो दिल्याची तारीख.
४. अर्ज निकाली काढला असल्यास त्या आदेशाची प्रत.
त्रयस्थ व्यक्तींची नावे कलम १० नुसार वगळून प्रती द्याव्यात."

ती शेवटची ओळ सोडू नका. नावं झाकून बाकीचा कागद देता येतो, हे आपणच आधी सांगितलं की नकाराचं एक कारण कमी होतं.

उत्तराला ३० दिवस. जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. कुणाला उचलून नेलं आहे आणि कुठे ठेवलं ते सांगत नाहीत, अशा वेळी अर्जावर वरच्या बाजूला ठळक लिहा : "कलम ७(१), जीवित व स्वातंत्र्य".

सगळ्यात जास्त येणारा नकार म्हणजे "तपास चालू आहे, कलम ८(१)(ज)". हे कलम म्हणतं, माहिती दिल्याने तपासात अडथळा येणार असेल तर नाकारता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या खटल्यात स्पष्ट केलं की तपास चालू आहे एवढं म्हणणं पुरेसं नाही, अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं. अपिलात एकच वाक्य लिहा : "माझ्याच तक्रारीची नोंद मला दिल्याने तपासात कोणता अडथळा येतो, हे आदेशात नमूद नाही."

पहिलं अपील ३० दिवसांच्या आत, त्याच आयुक्तालयातल्या वरिष्ठांकडे. महाराष्ट्रात त्याला वीस रुपयांचं तिकीट. निर्णय ३० दिवसांत, जास्तीत जास्त ४५. दुसरं अपील ९० दिवसांच्या आत, आयोगाकडे. आयोगाकडे तारखा लवकर लागत नाहीत, हे सांगून ठेवते. म्हणून पहिलं अपील मन लावून लिहा, बरेच कागद तिथेच सुटतात.

सीसीटीव्हीचं वेगळं आहे, तिथे घाई लागते. परमवीर सिंग सैनी खटल्यात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी, जपायला सांगितलं. ठाण्यात अपमान झाला, मारहाण झाली, तासन् तास बसवलं, तर त्याच आठवड्यात डीसीपींना लिहा : "अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण जतन करून ठेवावं." प्रत लगेच मिळेलच असं नाही. पण जतन करायला लेखी सांगितलं होतं, हे तुमच्या हातात राहतं. पुढे कोर्ट किंवा मानवी हक्क आयोग ते मागवू शकतो.

जाताना

एकट्याने जाऊ नका. सोबत एक माणूस, खिशात पेन, दोन कोरे कागद, अर्जाच्या दोन प्रती. एक त्यांना, दुसऱ्यावर शिक्का, तारीख आणि सही घेऊन आपल्याला. पोच देत नसतील तर वाद घालू नका, बाहेर पडा, पोस्टातून पाठवा. आवाज चढवू नका. "सरकारी कामात अडथळा" हे कलम आपल्यावर किती पटकन लागतं ते तुम्हाला माहीत आहे. आरटीआयच्या अर्जावर घरचा पत्ता द्यायची भीती वाटत असेल तर पोस्ट बॉक्सचा पत्ता चालतो, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं आहे.

बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं ते मार्च १९२७ मध्ये. त्यावरचा दिवाणी दावा संपला तो मार्च १९३७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात. दहा वर्षं. तळं नगरपालिकेच्या मालकीचं होतं, आणि अस्पृश्यांना बंदी करणारी अनादी काळापासूनची रूढी समोरच्यांना सिद्ध करता आली नाही. सत्याग्रह रस्त्यावर झाला आणि दावा दहा वर्षं कागदावर लढला गेला. आपण पहिली गोष्ट दरवर्षी साजरी करतो. दुसरी शिकायची राहून गेली आहे.

तुम्ही तुमच्या घरातले पहिले पदवीधर आहात. वस्तीत काही घडलं की रात्री दहाला तुमच्याच दारावर थाप पडेल : "पोरा, चल जरा ठाण्यात, तुला इंग्रजी येतं." जा. इंग्रजीची गरज तिथे फारशी पडत नाही. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवा, आपल्या माणसाला विचारा, "काकी, असंच घडलं ना?" ती हो म्हणाली तरच सही करू द्या. मग म्हणा, "साहेब, प्रत द्या."

आणि घरी एक फाइल करा. साधी, पुठ्ठ्याची. पोच, पोस्टाच्या पावत्या, एफआयआर, तारखांचा कागद.

दादा आता पन्नाशीला आला आहे. अजून रंगकाम करतो. गेल्या वर्षी त्याच्या एका मजुराला एका साइटवर मारहाण झाली. मी सुनावणीत होते, फोन बंद होता. संध्याकाळी पाहिलं तर दादाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता : एफआयआरची प्रत, खाली ठाण्याचा शिक्का, आणि एका ओळीखाली पेनाने रेघ. त्या ओळीत लिहिलं होतं, "गेटबाहेर, रस्त्यावर, लोकांसमक्ष."

जय भीम.